वगळलेला रकाना

११ जानेवारी, रविवार

१. आज सकाळी दहा चाळीसला बिबवेवाडीच्या हॉलमध्ये, तालीम ऐन रंगात असताना, अब्बांचा कीबोर्ड बंद पडला.
२. कीबोर्डचं वय एकोणीस. अब्बांचं एकसष्ट. ऑर्केस्ट्राचं पंचवीस, आणि त्याचाच कार्यक्रम पंधरा फेब्रुवारीला आहे.
३. वाद्य थांबलं तरी गायिका सुहासिनीताई थांबल्या नाहीत. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. घंटा झाली तरी धडा संपवतात.
४. ऑर्केस्ट्राचे मालक हिंमतराव म्हणाले, "शमशुभाई, वाद्याने विश्रांती घेतली. तुम्हीही घ्या."
५. पुढे ते म्हणाले की त्यांचा भाचा केयूर टॅबलेटवर सगळी वाद्यं वाजवतो. बारा फेब्रुवारीच्या रंगीत तालमीपर्यंत अब्बांकडे चालू वाद्य असलं तर अब्बा वाजवतील, नसलं तर केयूर.
६. अब्बांनी प्लग काढला. कीबोर्ड घेऊन रिक्षाने येरवड्याला घरी आले.
७. वरील सर्व अम्मीने सांगितलं. ती हल्ली प्रत्येक तालमीला जाते. तेवीस वर्षं त्या गाण्यांनी तिचं डोकं उठायचं. आता गोडी लागली म्हणते.

आधी घटना, मग मत, ही माझी नोकरीतली सवय. मत असं: छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून अब्बांकडे हा ऑर्केस्ट्रा सोडून काही नाही. तो गेला तर त्यांच्या वाट्याला फक्त दुपारी उरतील.

कीबोर्ड मी दुरुस्त करणार आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

दुरुस्त झाला. वीजपुरवठ्याच्या पट्टीवरचे दोन कपॅसिटर फुगले होते. ते बदलले, सैल झालेला सोल्डरचा एक टाका पक्का केला. सगळे सूर मोजून पाहिले, जागेवर आहेत.

मग बाहेरून साफ केला. एकोणीस वर्षांची धूळ मी समजू शकते. पण आवाज निवडायच्या सात बटणांवर गोंदाने चिकटवलेले तांदळाचे अकरा दाणे होते. काही उभे, काही आडवे, काही तिरपे, काही कडेला, एका बटणावर दोन, एकावर चार. लग्नातल्या अक्षता उडून पडल्या असाव्यात आणि सरबताने चिकटल्या असाव्यात, असं आधी वाटलं. पण गोंद नीट लावलेला होता. बहुधा कुणाचा तरी नवस. आमच्या ऑर्केस्ट्रात सर्व धर्मांच्या अंधश्रद्धांना समान संधी आहे.

स्पिरिट लावून, प्लॅस्टिकच्या पट्टीने, एकही ओरखडा न उठू देता सगळे काढले. आधीचा आणि नंतरचा फोटो ठेवला आहे. नंतरच्या फोटोत वाद्य दुकानातून आणल्यासारखं दिसतं.

१४ जानेवारी, बुधवार

अब्बा कीबोर्डपुढे बसले. तळहात बटणांवरून डावीकडून उजवीकडे नेला, थांबवला, परत आणला. पुन्हा नेला.

"साफ केलास?"

"हो. खूप घाण होती."

"छान झालं," ते म्हणाले. मग एक बटण दाबलं, दोन ओळी वाजवल्या आणि थांबले. "आवाज राहिला नाही बेटा ह्यात. नवीन बघ."

मी आवाज मोजून दाखवला. जुन्या तालमीच्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिला. फरक माणसाच्या कानाला कळणार नाही इतका आहे. ते म्हणाले, "तुझं बरोबर असेल."

आमच्या घरात हे वाक्य चर्चा संपवण्यासाठी वापरतात.

(अब्बांचं बोलणं घरात उर्दू-हिंदीच्या मिसळीत असतं. इथे मराठीत उतरवते. डायरी माझी आहे.)

१७ जानेवारी, शनिवार

नवीन बघायचं तर पद्धतशीर. सिंथेसायझर आणि संगीताची ॲप तपासून त्यांचे व्हिडिओ करणारे तीन परीक्षक निवडले आहेत.

पहिला परदेशी. दाढी, कुंडीतली झाडं, मंद प्रकाश. साडेचार मिनिटं कॉफी करतो. पाचव्या मिनिटाला एक सूर दाबतो आणि डोळे मिटतो. तो सूर संपेपर्यंत मी आमची भांडी घासून घेतली.

दुसरा दिल्लीचा. खोकं उघडतो. अकरा मिनिटं खोकंच उघडतो. त्याच्या व्हिडिओत सर्वांत जास्त वाजलेलं वाद्य थर्माकोल आहे. शेवटी सगळं 'खतरनाक' असतं. मागच्या महिन्यात त्याला इस्त्रीसुद्धा खतरनाक वाटली होती.

तिसरा नारायण पेठेतला केयूर. होय, तोच. हिंमतरावांचा भाचा. मागे भिंतीवर आठ सिंथ टांगलेले, त्यातल्या पाचांना वायर नाही. एका ॲपबद्दल म्हणाला, "मंडळी, ॲप वाईट नाही. फोनमध्ये जागा रिकामी असेल आणि आयुष्यातही, तर घ्या." हा माणूस निदान कॉफी करत नाही. पण बोलतो फार, मोजतो कमी. त्याच्या व्हिडिओखाली मी लिहिलं: 'मोजमाप कुठे आहे?'

प्रतिस्पर्धी म्हणून त्याचे गुण मी कमी केलेले नाहीत. नोंद असावी.

१९ जानेवारी, सोमवार

तक्ता झाला. नऊ वाद्यं, पाच ॲप, चौदा रकाने. कळ दाबल्यापासून आवाजाला लागणारा वेळ, एका वेळी किती सूर, वजन, वगैरे. व्हिडिओ दुप्पट वेगाने बघते आणि आकडा आला की थांबते.

चौदावा रकाना होता 'हाताला कसं लागतं'. तिन्ही परीक्षक ह्यावर वाट्टेल ते बोलतात. लोण्यासारखं, खतरनाक, आत्याच्या जुन्या शिलाई मशीनसारखं (हे केयूरचं). एकक नाही, आकडा नाही. रकाना वगळला. आता तेरा.

अब्बांना तक्ता दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "चष्मा सापडत नाही, तूच वाच." चष्मा डोळ्यांवर होता. माझ्या कामात त्यांना इतकाच रस आहे.

वाचून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं. "बटणं आहेत ना?"

"आहेत. पडद्यावर आहेत. हवी तशी मांडता येतात."

"हवी तशी," अब्बा म्हणाले. "वा."

२३ जानेवारी, शुक्रवार

घरातलं वातावरण ठीक नाही. अब्बा माझ्यावर नाराज आहेत, हे आता निश्चित. माझ्याशी बोलताना ते माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या कानाच्या बाजूला भिंतीकडे बघतात. पाच दिवस नोंद ठेवली. प्रत्येक वेळी तसंच.

अम्मीचंही काहीतरी बिनसलं आहे. मी बसायला खुर्ची दोन फूट सरकवली, तर म्हणाली, "जागची वस्तू जागी ठेव. इथे काय तुमची प्रयोगशाळा आहे?" मीठ-साखरेच्या बरण्यांना तिने वेगवेगळे रबर बांधले आहेत, एकीला एक, दुसरीला दोन. बरण्या काचेच्या आहेत. आतलं दिसतं.

स्कूटर गणपतीपासून उभी आहे. अब्बा म्हणतात क्लच गेला. मी चालवून पाहिली. क्लच उत्तम आहे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझं बरोबर असेल."

तक्त्यात पहिलं आलेलं वाद्य मागवलं. आवाज निवडायला बटणांऐवजी सपाट काळा काचेचा पॅनेल, त्यावर एकही उंचवटा नाही, शंभरात ब्याण्णव गुण. पसंत न पडल्यास परत करता येतं. पण तशी वेळ यायचं कारण दिसत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

तशी वेळ आली.

मी स्वतः तालमीला गेले. वाद्य मीच मांडलं, सगळे आवाज क्रमाने लावून दिले. केयूरही आला होता, मामांनी बोलावलं म्हणून. प्रत्यक्षात तो व्हिडिओपेक्षा बारीक आहे आणि कमी बोलतो.

"'मोजमाप कुठे आहे' त्या तुम्हीच ना?" त्याने विचारलं.

"हो. कुठे आहे?"

"घरी विसरलो," तो म्हणाला.

पहिलं गाणं संथ, विरहाचं. सुरुवातीला बासरीचा तुकडा. अब्बांनी पॅनेलला बोट लावलं, कळ दाबली आणि टेलिफोनची घंटा वाजली. जुन्या काळ्या टेलिफोनची, मोठ्या आवाजात.

सुहासिनीताई माइकमधून म्हणाल्या, "शमशुभाई, फोन घ्या आधी. मग मी मुखडा घेते."

सगळे हसले. अब्बाही हसले. पुन्हा बोट लावलं. ह्या वेळी घोड्याच्या टापा.

"वरात निघाली," हिंमतराव म्हणाले.

तिसऱ्यांदा अब्बांनी बोट लावलंच नाही. हात काचेवर नुसता ठेवून बसले. तेव्हा केयूर उठला, त्यांच्याजवळ गेला, त्यांचं मनगट धरून बोट पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यावर नेलं आणि हळू म्हणाला, "चाचा, हा कोपरा. इथून वर चार बोटं, बासरी." न विचारता. आगाऊपणाची ही जात मला परिचित आहे. महाविद्यालयात मला सोल्डरिंग शिकवायला असेच लोक यायचे.

अब्बा त्याला म्हणाले, "मेहेरबानी." ते गाणं वाजवलं आणि उठले.

रिक्षात अम्मी मध्ये बसली होती. मी म्हटलं, "सराव नाही म्हणून झालं. आठवड्यात हात बसेल."

अम्मी म्हणाली, "तू गप्प बस थोडा वेळ."

वाद्यात दोष नाही. घरी येऊन मी बासरी वीस वेळा लावली. वीसच्या वीस वेळा बासरीच वाजली.

२ फेब्रुवारी, सोमवार

हिंमतरावांचा मेसेज अब्बांच्या फोनवर: 'येत्या रविवारी तालमीला केयूर येईल. आपण आराम करावा. कार्यक्रमाला पुढच्या रांगेत खुर्ची राखून ठेवली आहे.'

अब्बांनी तो मला वाचायला लावला. ऐकून म्हणाले, "पुढच्या रांगेत. चांगला माणूस आहे."

३ फेब्रुवारी, मंगळवार

मी काय नोकरी करते ते इथे लिहायचं कारण कधी पडलं नव्हतं. मी मोटारींच्या डॅशबोर्डवरची बटणं तपासते. किती जोर लावला की बटण लागतं, किती खोल जातं, चुकून दुसरं दाबलं जातं का. नियम असा की चालकाला रस्त्यावरची नजर न काढता बटण सापडलं पाहिजे.

आज नव्या पॅनेलची चाचणी होती. माझ्याबरोबर काम करणाऱ्या शेफालीच्या डोळ्यांवर पट्टी बांधून मी म्हटलं, "काचेवरचं धुकं घालवायचं बटण." तिचा तळहात पॅनेलवरून डावीकडून उजवीकडे गेला. थांबला. परत आला. एका बारीक उंचवट्यावर बोट टेकलं आणि तिने बटण दाबलं. एक पूर्णांक चार दशांश सेकंद.

असा हात मी चौदा जानेवारीला पाहिला होता.

"पुढचं सांग की," शेफाली म्हणाली. मग थोड्या वेळाने, "सुमय्या, आहेस का? की मी आता अशीच घरी जाऊ?"

चाचणी थांबवली. कारणाच्या रकान्यात 'उपकरणात बिघाड' लिहिलं. उपकरण ठीक होतं.

बसमध्ये तेरा जानेवारीचा फोटो मोठा करून पाहिला. आधीचा. बासरी, एक दाणा उभा. सतार, एक आडवा. सनई, दोन. कोणतेही दोन सारखे नाहीत.

बटण डोळ्यांशिवाय सापडावं म्हणून मी पगार घेते. ज्याने ते गोंद आणि तांदळात करून दाखवलं, त्याचं काम मी स्पिरिटने पुसलं आणि फोटो काढला.

४ फेब्रुवारी, बुधवार

रजा घेतली. सकाळी जुना कीबोर्ड टेबलावर ठेवला, गोंदाची बाटली काढली आणि अम्मीकडे तांदूळ मागितले. तिने कशाला म्हणून विचारलं नाही. "बासमती नको," म्हणाली, "टोक मोडतं. मागच्या वेळी जाड कोलम दिला होता." आणि डबा घेऊन आली.

अब्बांना म्हटलं, "कुठे काय होतं ते सांगा."

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग सांगायला लागले. "खालून दुसरी ओळ, डावीकडून चौथं. बासरी. एक, उभा." मी लावला. "त्याच्या शेजारी सतार. एक, आडवा." अकराही सांगितले. मी फोटोशी ताडून पाहत होते. सगळे जुळले. ताडते आहे हे त्यांना कळू नये म्हणून फोनचा आवाज बंद ठेवला होता.

"जुळलं का?" अब्बांनी विचारलं.

"जुळलं."

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. तुझ्या कानातलं मला दिसतं. तोंड बघायचं तर भिंतीकडे बघावं लागतं."

तेवीस जानेवारीची नोंद मी खोडलेली नाही. चुकीचा निष्कर्षही ठेवावा लागतो.

अम्मी त्यांना दर महिन्याला डॉक्टरांकडे नेते. इलाज चालू आहे. जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं टिकवायचं. दाणे लावले तेव्हा बटणांवरची अक्षरं दिसत होती. ह्या वेळी दिसली नसती, आणि अम्मीने लावून दिले तरी ते पाहून मी विचारलं असतं आणि सगळंच सांगावं लागलं असतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू माप काढलं असतंस."

"त्यात गैर काय?"

"काही नाही," अब्बा म्हणाले. "मला एवढ्यात आकडा नको होता."

गोंद सुकायला चार तास दिले. संध्याकाळी अब्बांनी कार्यक्रमाची बावीसही गाणी ओळीने वाजवली. मी मोजलं: एकशे सात वेळा आवाज बदलला, चुका शून्य. हा आकडा त्यांना सांगितला. हा चालेल म्हणाले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काचेचं वाद्य परत पाठवलं. नंतर केयूरचा त्याच वाद्यावरचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. साध्या वेगाने, पहिल्यापासून. चौदाव्या मिनिटाला तो म्हणतो, "मंडळी, वाद्य सुंदर आहे. फक्त ह्याला हात नकोत, डोळे हवेत. स्टेजवर अंधार असतो. न बघता वाजवणाऱ्यांनी ह्याच्या वाटेला जाऊ नये."

माझ्या तक्त्यात त्या मिनिटापुढे लिहिलं आहे: 'भावनिक. वगळले.'

त्याला फोन केला. त्याचा नंबर सुहासिनीताईंनी दिला, "कशाला हवाय?" असं तीनदा विचारून.

"तुम्हाला रविवारीच कळलं होतं," मी म्हटलं.

"हात बघून कळलं. माझी आत्या असंच शिलाई मशीन चालवायची. दिसत नव्हतं तिला."

"ते तुम्ही व्हिडिओत सांगायला हवं होतं."

"तेवढंच तर सांगितलं होतं. तुम्ही मोजमाप मागत होता."

त्याने सांगितलं की मामांना त्याने येत्या रविवारी वेळ नाही म्हणून कळवलं होतं, तर मामा म्हणाले, काढ. चाचांच्या डोळ्यांबद्दल तो मामांना बोललेला नाही. "ते चाचांचं आहे. मी कोण सांगणार?"

तक्त्यात चौदावा रकाना परत घातला. केयूरला त्यात दहापैकी नऊ. एक गुण भिंतीवरच्या बिनवायरच्या पाच सिंथबद्दल कापला.

८ फेब्रुवारी, रविवार

आत्ता सकाळचे अकरा वाजले आहेत. बिबवेवाडीत अब्बांशिवाय तालीम चालू असेल. अब्बा खिडकीपाशी बसून मांडीवर बोटं वाजवत आहेत. अम्मीची संगीताची गोडी आज ओसरलेली दिसते. ती मेथी निवडते आहे.

हिंमतरावांना पत्र लिहू का, असं अब्बांना विचारलं. ते म्हणाले, "लिही. दया मागू नकोस." मी म्हटलं, मला ती लिहिता येत नाही. त्यांनी मजकूर दोनदा वाचून घेतला. 'दृष्टिदोष' खोडून 'दिसत नाही' घालायला लावलं. धाडलं त्याची नक्कल:

'आदरणीय हिंमतराव, सप्रेम नमस्कार.

अब्बांना समोरचं नीट दिसत नाही. दोन वर्षं झाली. ह्या दोन वर्षांत त्यांनी आपल्या सगळ्या कार्यक्रमांत वाजवलं आणि आपल्याला शंका आली नाही. मलाही आली नाही, आणि मी त्यांच्याच घरात राहते. जुन्या कीबोर्डच्या बटणांवर ओळखीसाठी तांदळाचे दाणे होते. ते मी घाण समजून काढले. टेलिफोनची घंटा आणि घोडा ही माझी चूक आहे, त्यांची नाही. कीबोर्ड दुरुस्त आहे, दाणे जागेवर आहेत आणि बुधवारी त्यांनी सर्व बावीस गाणी एकही चूक न करता वाजवली. वाद्य जुनं आहे, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी केयूर यांनी टॅबलेट घेऊन शेजारी बसावं. ते तयार आहेत, मी विचारलं आहे.

बारा तारखेच्या तालमीला अब्बांनी यावं की नाही, एवढंच आपण कळवावं. नाही असेल तर तेही चालेल, पण स्पष्ट असावं. पुढच्या रांगेतली खुर्ची मात्र दुसऱ्या कुणाला द्यावी. त्यांना तिथून स्टेज दिसणार नाही.

उत्तर बुधवार, ११ फेब्रुवारी, संध्याकाळी सहापर्यंत द्यावं. मेसेज करू नये, अब्बांना फोन करावा. त्यांनी ते स्वतः ऐकावं अशी इच्छा आहे.

सुमय्या शमशुद्दीन'